यादीतला क्रमांक आणि आपले नाव



माउलींची पालखी फलटणचा मुक्काम आटोपून बरडच्या वाटेला लागली, की थोड्याच दिवसांत आपल्या गावात दुसरी धावपळ सुरू होते. सेतू कार्यालयासमोर, तहसीलच्या व्हरांड्यात, झेरॉक्सच्या दुकानात मुले-मुली आणि त्यांचे पालक फायली घेऊन उभे दिसतात. कागद भिजू नयेत म्हणून फाईल पदराखाली धरून चाललेली एक आई आम्ही परवाच पाहिली. गेल्या रविवारी मिस्सा संपल्यावर एक मुलगा आम्हाला भेटला. म्हणाला, "फादर, उद्या यादी लागणार आहे. माझ्यासाठी प्रार्थना करा." आम्ही विचारले, "जेवण-झोप ठीक आहे ना?" तो नुसता हसला आणि खाली पाहू लागला. उत्तर त्याच्या आईने दिले, "चार रात्री झाल्या फादर, मोबाईल छातीवर ठेवून आढ्याकडे बघत पडतो."

आपल्या धर्मग्रामात अशी चार-पाच घरे तरी यंदा आहेत. म्हणून आजचे हे चिंतन त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या शेजारी राहणाऱ्या आपणा सर्वांसाठी.

ज्येष्ठ मंडळींना हा प्रवेश काय प्रकार आहे हे ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. दहावीनंतर काही मुले अकरावी-बारावीला न जाता तंत्रनिकेतनात, म्हणजे पॉलिटेक्निकला जातात. तीन वर्षांची पदविका पूर्ण झाली की त्यांना अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. त्यासाठी सगळ्या राज्याचे अर्ज सीईटी सेलकडे एकत्र होतात. कागदपत्रांची पडताळणी होते. आधी तात्पुरती, मग अंतिम गुणवत्ता यादी लागते. ती पदविकेच्या गुणांवरून लागते. त्यानंतर महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरायचा आणि फेरीफेरीने जागांच्या वाटपाची वाट पाहायची. पुण्याचे 1854 सालचे अभियांत्रिकी महाविद्यालय, जे 2022 मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाले, सांगलीचे 1947 सालचे वालचंद, कराडचे 1960 सालचे शासकीय महाविद्यालय, अशा नावांकडे सर्वांचे डोळे लागलेले असतात. जागा मोजक्या, मागणारे पुष्कळ.

गुणांत जरासा फरक पडला तरी क्रमांक बराच खाली घसरतो. शिवाय घरची चिंता असते. फी, वसतिगृह, मेस यांचा हिशेब वडील रात्री वहीत मांडत बसलेले मुलाला दिसतात. बरोबरचा मित्र पदविका होताच सुरवडीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागला आणि त्याचा पगार सुरूही झाला, हेही दिसते. आणि मनात एक धास्ती असते, ती मुले सहसा बोलून दाखवत नाहीत: प्रवेश उशिरा होणार, तोवर वर्ग सुरू झालेले असणार, बारावी करून आलेल्या मुलांचे गणित पुढे गेलेले असणार. आपल्याला झेपेल का? एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने हे सगळे एकट्याने छातीवर घेऊन झोपायचे, तर झोप येणार कशी?

आम्ही हे बाहेरून पाहून बोलत नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञानाची पदवी घेतल्यावर वरिष्ठांनी आम्हाला विद्यापीठात पुढे शिकण्याची परवानगी दिली. आम्ही अर्ज केला. सेमिनरीची पदवी विद्यापीठाच्या पदवीला समकक्ष धरायची की नाही, हे एका कार्यालयात ठरेना. "पुढच्या सोमवारी या," असे पाच सोमवार झाले. तत्त्वज्ञान शिकून मन स्थिर होते असा आमचा समज होता. पण त्या पाच आठवड्यांत आमची झोप गेली, जेवण गेले, आणि प्रार्थनेला बसलो की मनात दिवस मोजणे चालायचे. एके दिवशी स्वयंपाकघरातले म्हातारे काका आमच्यासमोर येऊन बसले. म्हणाले, "ब्रदर, दोन दिवस तुमचे ताट तसेच परत येतेय. आधी जेवा, मग काय ती काळजी करा." आम्ही जेवेपर्यंत ते उठले नाहीत. त्या रात्री आम्ही गाढ झोपलो. सकाळी त्या कार्यालयाचे पत्र पुन्हा काढून वाचले, तेव्हा दुसऱ्या पानावर स्पष्ट लिहिलेले दिसले की अभ्यासक्रमाची साक्षांकित प्रत जोडावी. पाच आठवडे पत्र आमच्याच पिशवीत होते. काळजीपोटी आम्ही ते दहादा उघडले होते, पण शेवटपर्यंत एकदाही वाचले नव्हते.

त्या वर्षी आम्हाला प्रवेश मिळाला नाही. उशीर झाला होता. पुढच्या वर्षी मिळाला. पण त्या पावसाळ्यात जे शिकलो ते कोणत्याही वर्गात शिकलो नव्हतो. आमची झोप प्रवेशामुळे गेली असे आम्हाला वाटत होते. खरे पाहता आम्ही दोन वेगळे प्रश्न एकात एक गुंतवले होते. पहिला प्रश्न, "मला जागा कुठे मिळेल?" दुसरा प्रश्न, "मी कोण आहे, माझी किंमत काय?" पहिल्याचे उत्तर कार्यालय देऊ शकते, यादी देऊ शकते. दुसऱ्याचे उत्तर देण्याचा अधिकार आम्ही त्याच यादीला देऊन टाकला होता. मग प्रत्येक सोमवारी आमचा अर्जच काय, आमचे सारे आयुष्यच त्या खिडकीपाशी अडकून पडायचे.

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात एक प्रसंग आहे. प्रभू येशूने बहात्तर शिष्यांना गावोगावी पाठवले. ते आनंदाने परतले, कारण त्यांना मोठे यश आले होते. भुतेदेखील त्यांना वश झाली होती. प्रभूने त्यांच्या यशाला नावे ठेवली नाहीत. पण त्यांच्या आनंदाला त्याने दुसरीकडे वळवले. यशाचा आनंद मानू नका, तुमची नावे स्वर्गात लिहिलेली आहेत याचा आनंद माना, असे त्याने त्यांना सांगितले. लक्षात घ्या, हे त्याने हरलेल्यांना समजूत घालायला सांगितलेले नाही. जिंकून आलेल्यांना सांगितले आहे. म्हणजे यादीत वर आलेल्या मुलालाही ही शिकवण तितकीच लागू आहे. आज पहिला आलो म्हणून स्वतःला मोठे मानणारा उद्या पंचविसावा आला की स्वतःला शून्य मानेल. ज्याचे नाव बाप्तिस्म्याच्या दिवशी देवाने उच्चारले, त्याचे नाव कोणत्याही फेरीत खाली सरकत नाही.

येत्या 31 जुलैला संत इग्नाशियस लोयोला यांचा सण आहे. त्यांनी स्थापलेला संघ आपणांस ठाऊक आहे. पण ते किती कॉलेजे बदलणारे विद्यार्थी होते, हे फारसे कोणी सांगत नाही. 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत पाय मोडलेला हा सैनिक 1524 मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, बार्सिलोनात लहान पोरांच्या शेजारी बसून लॅटिनचे व्याकरण घोकू लागला. दोन वर्षांनी अल्कालाच्या विद्यापीठात गेला. तिथे घाईघाईने तर्कशास्त्र, पदार्थविज्ञान आणि ईशज्ञान हे सगळे एकदम शिकू पाहिले. चौकशी झाली, तुरुंगवास घडला. मग 1527 मध्ये सालामांका. तिथेही तुरुंग. शेवटी पायी चालत 1528 च्या फेब्रुवारीत ते पॅरिसला पोहोचले. तिथे त्यांच्या ध्यानात आले की घाईमुळे आपला पायाच कच्चा राहिला आहे. मग काय केले? पुन्हा लहान मुलांच्या वर्गात जाऊन लॅटिन पहिल्यापासून शिकले. वय सदतीसच्या आसपास होते. गणित कच्चे राहिले म्हणून लाजणाऱ्या आपल्या मुलांनी हे चित्र डोळ्यांसमोर ठेवावे.

पैशाची अडचणही त्यांना चुकली नाही. बार्सिलोनाहून मिळालेले पैसे त्यांनी एका सोबत्याकडे ठेवायला दिले. त्याने ते उडवले. इग्नाशियस यांना खोली सोडून धर्मशाळेत राहावे लागले. ती कॉलेजपासून इतकी दूर होती की दार उघडण्याच्या आणि बंद होण्याच्या वेळा पाळताना त्यांचे तास बुडत. पुढे दर वर्षी सुटीत ते फ्लँडर्सला जाऊन व्यापाऱ्यांकडून मदत मागून वर्षाचा खर्च भागवू लागले. 1529 मध्ये त्यांना सेंट बार्ब कॉलेजात खोली मिळाली. त्या खोलीत आधीपासून दोन तरुण राहत होते. एकाचे नाव पीटर फेबर, दुसऱ्याचे फ्रान्सिस झेविअर. तेच झेविअर पुढे 1542 मध्ये गोव्याला उतरले. इग्नाशियस यांना 1535 मध्ये पॅरिसची एम.ए. पदवी मिळाली, तेव्हा त्यांनी चाळिशी केव्हाच ओलांडली होती. अल्कालातच सगळे सुरळीत झाले असते, तर ती खोली त्यांना मिळाली असती का, हा विचार करून पाहावा.

त्यांच्या बार्सिलोनातल्या दिवसांची एक गोष्ट आम्हाला विशेष महत्त्वाची वाटते. व्याकरण पाठ करायला बसले की त्यांच्या मनात भक्तीचे सुंदर विचार येऊ लागत आणि पाठ राहून जाई. प्रार्थनेला बसल्यावर मात्र असे विचार इतके येत नसत. हा मोह आहे हे त्यांनी ओळखले. ते आपल्या शिक्षकांना घेऊन जवळच्या चर्चमध्ये गेले, सगळे कबूल केले आणि दोन वर्षे तुमच्या पाठाकडे दुर्लक्ष करणार नाही असे वचन दिले. म्हणून आम्हीही आज स्पष्ट सांगतो: नोव्हेना अवश्य करा, पण कागदपत्र तपासण्याच्या वेळेला नोव्हेना करू नका. जे काम देवाने आपल्या हातात दिले आहे ते नीट करणे हीदेखील प्रार्थना आहे.

तर आता हातातल्या कामाविषयी चार व्यवहाराच्या गोष्टी.

पहिली गोष्ट, शरीर. राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलिया संदेष्टा थकून, घाबरून एका झुडपाखाली आडवा होतो आणि देवाकडे मरण मागतो. देव त्याला लगेच उपदेश करत नाही. देवदूत त्याला भाकर आणि पाणी देतो. तो खातो, पुन्हा झोपतो, पुन्हा उठून खातो. पुढचे काम देव त्याला नंतर सांगतो. आमच्या सेमिनरीतल्या काकांनी हा अध्याय वाचला होता की नाही, देव जाणे, पण त्यांनी केले तेच. म्हणून रात्री दहानंतर मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. यादी रात्री दोनला पाहिली काय आणि सकाळी आठला पाहिली काय, क्रमांक तोच असतो. ठरावीक वेळ, दिवसातून दोनदा पाहणे पुरे. संध्याकाळी मैदानावर जा, घाम येईपर्यंत चाला.

दुसरी गोष्ट, कागद. वेगवेगळ्या दाखल्यांची एक यादी कागदावर करा: गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, लागू असेल तर जात वैधता आणि नॉन-क्रिमी लेयर, उत्पन्नाचा दाखला. जे मिळाले त्यापुढे खूण करा. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून त्याच वर्षीची माहितीपुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचा. नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक असेल तर आजच पाहा. आपल्या लोकांत हे फार होते. बाप्तिस्म्याच्या नोंदीत एक, शाळेत दुसरे आणि आधारवर तिसरेच. तात्पुरत्या यादीत चूक दिसली तर हरकत नोंदवण्याची मुदत असते, ती चुकवू नका.

तिसरी गोष्ट, पसंतीक्रम. इथे बरीच मुले भीतीने चुकतात. वरचे महाविद्यालय आधी लिहिले तर खालचे हातचे जाईल, असे त्यांना वाटते. तसे होत नाही. वाटप करताना वरून खाली पाहत येतात. वरचे मिळाले नाही तर खालच्याचा विचार होतोच. मात्र पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली तर ती पक्की धरली जाते. म्हणून खरोखर जे हवे तेच पहिले लिहा. शेजाऱ्याच्या मुलाचा क्रम उतरवून घेऊ नका. ठरवताना इग्नाशियस यांनी 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात सुचवलेला एक मार्ग फार उपयोगी आहे. अगदी आपल्यासारखीच परिस्थिती असलेला एक अनोळखी मुलगा समोर बसला आहे अशी कल्पना करा. त्याचे भले व्हावे असे मनापासून वाटत असेल, तर त्याला काय सल्ला द्याल? तोच स्वतःला द्या. त्यांचा दुसरा नियम असा, की मन खचलेले असताना आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलू नये. मध्यरात्री मित्राचा मेसेज वाचून क्रम बदलणाऱ्यांनी हा नियम भिंतीवर लिहून ठेवावा.

चौथी गोष्ट, बोलणे. एका तरी माणसाशी मोकळेपणाने बोला. भाऊ असेल, मावशी असेल, शिक्षक असतील. पापनिवेदनालाच यायला हवे असे नाही, आमचे दार एरवीही उघडे आहे. कित्येक दिवस झोप लागत नसेल, अन्न जात नसेल, "मी घरावर ओझे आहे" किंवा "मी नसलो तर बरे" असे विचार येत असतील, तर तो दुबळेपणा नाही आणि पापही नाही. एलियासारख्या संदेष्ट्यालाही तसे वाटले होते. पण तेव्हा एकटे राहू नका. त्याच दिवशी घरात सांगा, डॉक्टरांना भेटा. शासनाची 'टेलि-मानस' ही सेवा 2022 पासून 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालते. मराठीतही बोलता येते. हा क्रमांक लिहून ठेवा. कदाचित तुम्हाला लागणार नाही, तुमच्या मित्राला लागेल.

आता आईवडिलांशी दोन शब्द. तुम्ही मुलासाठी खस्ता खाता हे त्याला माहीत आहे. ते रोज ऐकवले की ओझे वाढते. "तुझ्यासाठी आम्ही काय नाही केले," या वाक्याने कोणाचा क्रमांक वर गेलेला आम्ही पाहिला नाही. पैशाचा हिशेब लपवू नका, पण तो मुलाला शेजारी बसवून करा: इतके आपल्याकडे आहेत, इतके कर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज कधी भरायचा. अंधारात कल्पिलेला आकडा खऱ्या आकड्यापेक्षा नेहमी मोठा असतो. आणि यादी लागण्याच्या आदल्या दिवशी एकदा तरी त्याला सांगा, "काही झाले तरी उद्या संध्याकाळी आपण एकत्रच जेवायचे आहे." एवढे एक वाक्य मुलाला किती आधार देते, हे मुले आम्हाला सांगतात, तुम्हाला सांगत नाहीत.

आणि आपण बाकीचे? मिस्सा झाल्यावर आवारात आपण सहज विचारतो, "कितवा नंबर लागला रे?" आपल्याला तो गप्पांचा विषय. त्याला तो चारचौघांत होणारा निकाल. हा प्रश्न महिनाभर आपण सगळ्यांनी मिळून बंद करू या. त्याऐवजी विचारू या, "काही मदत हवी का? तहसीलला जायला गाडी देऊ का?" कारखान्यात काम करणारी, या वाटेने आधी गेलेली मंडळी आपल्यात आहेत. त्यांनी एखाद्या संध्याकाळी एका मुलाला गणित शिकवले, तर ते मोठे प्रेमकार्य होईल.

शेवटी, जागा मिळालीच नाही तर? तर पदविका कुठे जात नाही. ती स्वतःच एक पूर्ण विद्या आहे, आणि प्रभू येशूनेही नाझरेथमध्ये हातांनी काम करूनच भाकरी मिळवली होती. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो. नोकरी करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळेत पदवी अभ्यासक्रम चालवण्याची परवानगी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2023-24 पासून काही महाविद्यालयांना दिली आहे, त्याचीही चौकशी करावी. एक दार लागले की घर संपत नाही.

पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आम्ही सभागृहात बसणार आहोत. ज्यांना अर्ज भरायचे आहेत, कागद तपासायचे आहेत किंवा नुसते बसायचे आहे, त्यांनी यावे. चहा असेल. पत्राचे दुसरे पान आम्ही स्वतः वाचून पाहू.

तोवर ही छोटी प्रार्थना घरात सर्वांनी मिळून म्हणावी:

हे प्रभो, तू आम्हांस नावाने ओळखतोस. आमच्या मुलांना हातातले काम नीट करण्याची बुद्धी दे आणि काम झाल्यावर शांत झोप दे. जागा मिळाली तर त्यांना गर्वापासून राख. नाही मिळाली तर त्यांना निराशेपासून राख. आणि आम्हा मोठ्यांना त्यांच्या ताटापाशी बसून राहण्याइतके प्रेम दे. आमेन.

आपले,
धर्मगुरू